झाडाच्या पेशीतली टाकी: भरते कशी आणि गळत का नाही

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४७० मिलिमोल सोडिअम असतं, म्हणजे जवळजवळ ११ ग्रॅम. उन्हाळ्यात ठाण्याच्या खाडीत भरतीचं पाणी चढतं तेव्हा तिवराची मुळं अशाच खारट पाण्यात बुडालेली असतात. तिवराच्या पानात सोडिअम भरपूर सापडतं. पानांवरच्या ग्रंथींतून हे झाड बरंच मीठ बाहेर टाकतं, तरीही आत उरतं ते कमी नसतं. गंमत अशी, की खाऱ्या जागी वाढणाऱ्या वनस्पतींची विकरं वेगळी काढून परीक्षानळीत तपासली, तर ती भाताच्या किंवा पालकाच्या विकरांपेक्षा फार काटक निघत नाहीत. १०० ते २०० मिलिमोलर (म्हणजे लिटरमागे तितके मिलिमोल) सोडिअममध्येच त्यांचं काम मंदावतं. मग पान जिवंत राहतं कसं? सोडिअम विकरांच्या आसपास नसतंच. ते त्याच पेशीत, पण एका पटलाआड कोंडलेलं असतं. त्या कोंडलेल्या जागेला रिक्तिका म्हणतात.

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत ती मधोमध काढलेला एक मोठा गोळा असते. ‘पाणी व टाकाऊ पदार्थ साठवते’ एवढं एक वाक्य लिहून आपण तिला निरोप देतो. हा तिच्यावर अन्याय आहे. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत ८० ते ९० टक्के जागा रिक्तिकेची असते. पेशीद्रव म्हणजे पेशीभित्तिकेलगत दाबून बसलेला एक पातळ थर. पोटॅशिअम, नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शिअम, मॅलिक आणि सायट्रिक आम्लं, साखर, जांभळे-लाल रंग, किडींना नको असलेली कडू द्रव्यं, हे सगळं रिक्तिकेत असतं. शिवाय ५ ते १० वातावरणांइतका दाब तीच निर्माण करते. कोथिंबिरीची जुडी ताठ उभी राहते ती या दाबावर.

रिक्तिकेभोवतीच्या पटलाला टोनोप्लास्ट म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी. सोडिअम, पोटॅशिअम, नायट्रेट यांसारखे भारित कण त्या स्निग्ध पटलातून स्वतःहून पार होत नाहीत. पार व्हायचं तर पटलात रोवलेल्या प्रथिनांमधूनच. झाडाचं पोषण आणि झाडाच्या आत धावणारे संदेश, दोन्ही या प्रथिनांच्या हातात आहेत. आणि त्यांतली सर्वांत वेगवान प्रथिनं, म्हणजे आयन चॅनेल, बहुतेक वेळ बंद असतात म्हणूनच ही सगळी व्यवस्था टिकते.

पंप, चॅनेल आणि अदलाबदल

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायला मोटर लागते आणि मोटर वीज खाते. नळ सोडला की पाणी खाली यायला वीज लागत नाही. टोनोप्लास्टवर मोटरचं काम दोन प्रकारचे पंप करतात. एक एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य जाळतो, दुसरा पायरोफॉस्फेट. दोघेही हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, रिक्तिकेत ढकलतात. नळाचं काम चॅनेल करतात. तिसरा प्रकार अदलाबदल करणाऱ्या प्रथिनांचा. ही प्रथिनं एक प्रोटॉन उताराने बाहेर सोडतात आणि त्या जोरावर दुसरा एखादा आयन चढावर आत नेतात. असं काही सोसायटीत नसतं, त्यामुळे टाकीची उपमा इथेच सोडलेली बरी.

प्रोटॉन पंपांचा परिणाम दोन आकड्यांत दिसतो. पेशीद्रवाचा पीएच साधारण ७.२ असतो, रिक्तिकेचा साधारण ५.५. म्हणजे रिक्तिकेत प्रोटॉन सुमारे ५० पट जास्त. (लिंबाच्या रसपेशीत रिक्तिकेचा पीएच २.५ च्या आसपास उतरतो. तिथला फरक ५० हजार पट. लिंबू पिळतो तेव्हा आपण हजारो रिक्तिका फोडत असतो.) दुसरा आकडा विद्युतदाबाचा. रिक्तिकेच्या मानाने पेशीद्रव २० ते ३० मिलिव्होल्ट ऋण असतं. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

वेगातला फरकही ध्यानात घ्या. पंप सेकंदाला काहीशे आयन हलवतो. अदलाबदल करणारं प्रथिन शेकडो ते हजारो. एक उघडं चॅनेल मात्र सेकंदाला लाखांनी, कधी कोटीच्या घरात आयन सोडतं. एक पिकोअँपियर प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख एकभारी आयन, आणि एका चॅनेलमधून काही पिकोअँपियर सहज वाहतो. त्यामुळे भरायला तासन् तास लागलेला साठा चॅनेल उघडे राहिले तर फार लवकर रिता होईल. आणखी एक गोष्ट: चॅनेल स्वतः दिशा ठरवत नाही. ज्या बाजूला उतार, त्या बाजूला आयन जातो. हा उतार दोन गोष्टींनी बनतो, संहतीतला फरक आणि विद्युतदाब.

नायट्रेटचा हिशेब

विद्युतदाब ३० मिलिव्होल्ट धरू. २५ अंश सेल्सिअसला दर ५९ मिलिव्होल्टमागे दहापट फरक तोलला जातो. म्हणजे ३० मिलिव्होल्टवर एकभारी आयनाचा साधारण ३.२ पट फरक.

पेशीद्रवात पोटॅशिअम साधारण १०० मिलिमोलर असतं आणि पेशी ते फारसं हलू देत नाही. पोटॅशिअम धन भाराचं, त्यामुळे ऋण पेशीद्रव त्याला ओढून धरतं. नुसती चॅनेल उघडी ठेवली तर रिक्तिकेत ते ३१ मिलिमोलरवर येऊन थांबेल. चांगलं खत मिळालेल्या झाडाच्या रिक्तिकेत ते १०० च्या वर असतं. एवढं चढवायला प्रोटॉनच्या बदल्यात पोटॅशिअम आत घेणारी एनएचएक्स नावाची प्रथिनं लागतात. चॅनेलचं काम उलट दिशेचं: पोटॅशिअमची चणचण भासली की साठ्यातून ते पेशीद्रवात परत सोडणं. म्हणून टंचाईत आधी रिक्तिकेतलं पोटॅशिअम घसरतं. पेशीद्रवातलं शेवटपर्यंत सांभाळलं जातं, कारण प्रथिनं बनवण्याचं यंत्र त्यावर चालतं.

नायट्रेट ऋण भाराचं, म्हणून ते धन रिक्तिकेकडे आपसूक ओढलं जातं. पण किती? पेशीद्रवात ४ मिलिमोलर असेल तर चॅनेलमधून रिक्तिकेत जेमतेम १३ पर्यंत जाईल. प्रत्यक्षात पालेभाज्यांच्या रिक्तिकेत ५० मिलिमोलर आणि त्याहून जास्त नायट्रेट सापडतं. हा फरक बरीच वर्षं कोडं होता. २००६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ते सोडवलं. अरॅबिडॉप्सिस नावाची मोहरीच्या कुळातली इवलीशी वनस्पती आहे, वनस्पतिशास्त्रात सगळं आधी तिच्यावर तपासतात. तिच्या टोनोप्लास्टवरचं सीएलसी-ए नावाचं प्रथिन नात्याने क्लोराइड चॅनेलच्या घराण्यातलं, पण ते चॅनेल निघालं नाही. ते दोन नायट्रेट आत घेतं आणि एक प्रोटॉन बाहेर सोडतं.

हिशेब करून पाहा. दोन ऋण भार आत आणि एक धन भार बाहेर, म्हणजे एकूण तीन भार उताराच्या दिशेने हलले: ३ गुणिले ३०, ९० मिलिव्होल्ट. प्रोटॉनच्या १.७ पीएच फरकाचे आणखी १००. एकूण १९० मिलिव्होल्ट, ते दोन नायट्रेटमध्ये वाटले तर प्रत्येकी ९५. म्हणजे सुमारे ४० पट साठा शक्य. ४ मिलिमोलरचे १६० पर्यंत. कोडं सुटलं. या प्रथिनात एका ठरावीक जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल असतं. त्या जागी सेरीन घातलं की त्याची नायट्रेटची आवड जाते आणि ते क्लोराइडकडे वळतं. सुमारे पावणेआठशे अमिनो आम्लांच्या साखळीत एक कडी बदलली आणि झाडाचा नायट्रेटचा साठा घटला.

बाल्कनीत मेथी-पालक लावणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. नायट्रेटचं अमिनो आम्लात रूपांतर करायला प्रकाश लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर आभाळ दाटलेलं असतं तेव्हा पानात साखर कमी बनते. रिक्तिकेतला दाब टिकवायला साखरेऐवजी नायट्रेट वापरलं जातं आणि ते साचत जातं. अशा दिवसांत युरिया किंवा नायट्रेटचं खत देऊन पानं जास्त हिरवी करण्याच्या नादी लागू नये. खतातलं नत्र पानात साठून राहतं, वाढीला लागत नाही. पानं खुडायचीच तर उन्हाचा दिवस पाहून संध्याकाळी खुडावीत. पहाटे खुडलेल्या पानांपेक्षा त्यांत नायट्रेट कमी असतं.

फॉस्फेट, लोह, जस्त यांचीही स्वतंत्र प्रथिनं आहेत. लोहाचं एकच सांगतो. बीजात लोह रिक्तिकेत भरून ठेवलेलं असतं आणि अंकुरताना एनरॅम्प घराण्यातली दोन प्रथिनं ते बाहेर काढतात. ही दोन्ही बिघडलेली रोपं कमी लोहाच्या मातीत पिवळी पडून मरतात. लोह बीजात असतं, पण कुलूपबंद.

कॅल्शिअम: साठा आणि इशारा

कॅल्शिअमची तऱ्हा वेगळी. पेशीद्रवात ते जवळजवळ नसतंच: सुमारे १०० नॅनोमोलर. रिक्तिकेत मिलिमोलरच्या घरात. फरक दहा हजार पटींचा. पेशी ही दरी मुद्दाम राखते. कॅल्शिअम फॉस्फेटशी मिळून साका धरतं हे एक कारण, आणि दुसरं हे की एवढी मोठी दरी असली तरच थोडंसं कॅल्शिअम आत शिरलेलं चटकन जाणवतं. १०० चे ५०० नॅनोमोलर झाले, की कॅल्शिअमला चिकटणारी प्रथिनं जागी होतात आणि खाली कामं सुरू होतात. थोड्याच वेळात पंप आणि अदलाबदल करणारी प्रथिनं कॅल्शिअम पुन्हा रिक्तिकेत आणि पेशीबाहेर ढकलतात. इशारा संपला. चॅनेल उघडंच राहिलं तर इशारा संपत नाही, आणि न संपणाऱ्या इशाऱ्याला अर्थ उरत नाही.

१९८७ साली राइनर हेड्रिच आणि अर्विन नेहर यांनी बिटाच्या रिक्तिकांवर पॅच क्लॅम्प करून, म्हणजे काचेच्या बारीक नळीने पटलातला विद्युतप्रवाह मोजून, एक विलक्षण चॅनेल पाहिलं. विद्युतदाब बदलला की ते लगेच उघडत नसे. हळूहळू, सेकंदाच्या मोठ्या हिश्शाइतका वेळ घेऊन उघडायचं. म्हणून त्याला मंद रिक्तिका चॅनेल म्हणू लागले. (नेहर यांना बर्ट साकमान यांच्यासह पॅच क्लॅम्पसाठीच १९९१ चं नोबेल मिळालं.) त्याचं जनुक कोणतं हे कळायला २००५ उजाडलं: टीपीसी-१. २०१६ मध्ये त्याची त्रिमितीय रचनाही उलगडली.

या चॅनेलला दोन लगाम आहेत. पेशीद्रवाच्या बाजूने कॅल्शिअम चिकटलं तर ते उघडायला अनुकूल होतं. रिक्तिकेच्या बाजूने कॅल्शिअम चिकटलं तर ते बंद राहायला अनुकूल होतं. रिक्तिका भरलेली असताना दुसरा लगाम घट्ट असतो. अरॅबिडॉप्सिसच्या एका उत्परिवर्तित वाणात या आतल्या लगामाच्या जागचं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे: ४५४ व्या स्थानी ॲस्पार्टेटऐवजी ॲस्पॅराजीन. त्यामुळे चॅनेल गरजेपेक्षा सहज उघडतं. झाडाला कुणी चावलेलं नसतं, ओरखडाही नसतो, तरी ते जखम झाल्यासारखं वागतं. जखमेचं संप्रेरक जास्मोनेट भरमसाठ बनवतं आणि खुरटतं. बुरशीला मात्र जास्त दाद देत नाही. एका चॅनेलचा बंद राहण्याचा गुण कमी झाला, त्याचा हा परिणाम.

संदेश किती वेगाने जातो तेही मोजलं गेलंय. अरॅबिडॉप्सिसच्या मुळाच्या टोकाला १०० मिलिमोलर मीठ लावलं, तर कॅल्शिअमची लाट सेकंदाला ४०० मायक्रोमीटरपर्यंतच्या वेगाने वर सरकते. म्हणजे मिनिटाला २४ मिलिमीटर, १० सेंटिमीटर मुळाला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ. टीपीसी-१ नसलेल्या झाडात ही लाट फार मंदावते. २०१४ सालचा हा प्रयोग.

यावरून टीपीसी-१ हेच रिक्तिकेतलं कॅल्शिअम बाहेर सोडतं असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि लोकप्रिय लेखांत तो सरसकट काढला जातो. तिथे जरा थांबावं. हे चॅनेल पोटॅशिअम आणि सोडिअमही जाऊ देतं. प्रयोगशाळेत ते मोठ्या प्रमाणात उघडायला पेशीद्रवाच्या बाजूला कॅल्शिअम आणि विद्युतदाब नेहमीपेक्षा खूप चढवावा लागतो. जिवंत पेशीत ते एका वेळी फार थोडं उघडत असावं. मुख्यतः पोटॅशिअम सोडून ते पटलाचा विद्युतदाब बदलतं आणि कॅल्शिअम दुसऱ्या वाटेने येतं, असंही मत आहे. वाद मिटलेला नाही.

पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी हे साठा आणि इशारा एकत्र येण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. रंध्र उघडताना पोटॅशिअम, क्लोराइड, मॅलेट रिक्तिकेत भरतात, पाणी मागोमाग येतं, पेशी फुगतात. क्लोराइड भरण्यात एएलएमटी-९ हे चॅनेल असतं आणि त्याला चालू करायला पेशीद्रवातलं मॅलेट लागतं. माती सुकली की ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक येतं, कॅल्शिअम वाढतं, टीपीके-१ हे पोटॅशिअम चॅनेल उघडतं आणि रिक्तिकेतलं पोटॅशिअम पेशीद्रवात उतरून पुढे पेशीबाहेर जातं. बाहेर पडणाऱ्या आयनांतला बहुतांश वाटा रिक्तिकेतला असतो. टीपीके-१ बिघडलेल्या झाडात रंध्रं बंद होतात, पण रमतगमत.

मीठ कोंडायचं, मग धरून ठेवायचं

आता तिवराकडे. सोडिअम रिक्तिकेत कोंडण्याचं काम एनएचएक्स करतं. १९९९ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये हे जनुक जास्त चालवून मीठ सोसणारी झाडं तयार केली गेली, २००१ मध्ये टोमॅटो. तो टोमॅटो २०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यावर फळला. एका जनुकाने खारपड जमिनी पिकतील असा तेव्हा गाजावाजा झाला. शेतात तसं काही झालं नाही, आणि त्याचं एक कारण चॅनेलमध्ये आहे.

रिक्तिकेत सोडिअम ३०० मिलिमोलर आणि पेशीद्रवात ३० असेल, तर संहतीचा उतार आणि विद्युतदाब दोन्ही सोडिअमला बाहेर ढकलतात. मंद चॅनेल आणि त्याचा भाऊ, तत्काळ उघडणारं वेगवान चॅनेल, दोन्ही सोडिअम जाऊ देतात. आत घेतलेला प्रत्येक आयन गळून बाहेर आला तर तो पुन्हा आत न्यायला पंपाची ऊर्जा खर्ची पडते. एका चॅनेलची गळती भरून काढायला हजारो अदलाबदल करणारी प्रथिनं लागतील. म्हणजे एनएचएक्स वाढवून भागत नाही, गळती थांबवावी लागते. किनवा हे पीक नेमकं हेच करतं. मिठाच्या पाण्यावर वाढवलेल्या किनव्याच्या जुन्या पानांत, जिथे सोडिअम साठतं, मंद आणि वेगवान दोन्ही चॅनेलचं काम घटलेलं दिसतं. स्पर्मिन यांसारखी पॉलिअमाइन द्रव्यंही ही चॅनेल अडवतात, आणि ताणात झाडं ती जास्त बनवतात.

रिक्तिकेत एवढं मीठ भरलं तर पेशीद्रवातलं पाणी तिच्याकडे ओढलं जाईल. त्याला तोल म्हणून पेशीद्रवात निरुपद्रवी द्रव्यं साठवावी लागतात. तिवरात ग्लायसिन बीटेन असतं. ते बनवायला कार्बन आणि नत्र खर्ची पडतं. खाऱ्यात जगणं महाग आहे, खारफुटी हळू वाढते त्यामागे हाही हिशेब आहे.

भाताचा मार्ग वेगळा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपाटासाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिले आहेत. भात मुळात मिठाला नाजूक: मातीची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की उत्पन्न घटू लागतं, आणि रोपावस्था व फुलोरा या दोन वेळा सर्वांत धोक्याच्या. मीठ सोसणारे भाताचे वाण सोडिअम मुळाशीच अडवण्यावर भर देतात. जे वर जातं ते जुन्या पानांत आणि आवरणांत पडू देतात, नवं पान आणि लोंबी वाचवतात. रिक्तिकेत कोंडणं हा त्यांचा दुसरा बचाव.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर

पॅच क्लॅम्प घरी होत नाही. १ ते २ मायक्रोमीटर टोकाची काचेची नळी रिक्तिकेला टेकवून हलकं शोषायचं, पटल काचेला एवढं घट्ट चिकटलं पाहिजे की रोध गिगाओहममध्ये जाईल. द्रावण रिक्तिकेच्या रसापेक्षा पातळ असलं तर ती फुटते, टोकाला कचरा लागला तर चिकटतच नाही, एकदा वापरलेली नळी पुन्हा चालत नाही.

पण रिक्तिका आकसताना पाहणं अकरावीच्या प्रयोगशाळेत सहज जमतं. सोसायटीच्या कुंपणालगत ऱ्होयो लावलेला असतो, पानं वरून हिरवी, खालून जांभळी. तो जांभळा रंग रिक्तिकेत असतो, म्हणून रंग जिथवर दिसतो तिथवर रिक्तिका.

पूर्ण वाढलेलं ताजं पान घ्या, तिरकं फाडा, खालच्या बाजूची पारदर्शक जांभळी साल ३-४ मिलिमीटर निघाली की पुरे. पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हर स्लिप. सूक्ष्मदर्शकाच्या १० पटीच्या भिंगातून पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतील. आता १७ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करा, हे ०.५ मोलर झालं. कव्हर स्लिपच्या एका कडेला याचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. दोन-तीनदा करा. ५ ते १० मिनिटांत रंग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होतो आणि गडद होतो. पाणी दिलं की परत पसरतो.

दुसऱ्या सालीला साखरेऐवजी पोटॅशिअम नायट्रेट द्या, १०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम. परासरणाचा जोर साखरेच्या द्रावणाच्या जवळपास. सुरुवातीला रंग तसाच आकसतो. पण काही तासांत काही पेशी द्रावण न बदलताही पुन्हा फुगू लागतात, सगळ्या नाही. पोटॅशिअम आणि नायट्रेट हळूहळू आत शिरतात, पाणी त्यांच्यामागे. साखरेत हे होत नाही. १८८५ साली ह्यूगो द व्रीज यांनी पोटॅशिअम नायट्रेटच्या तीव्र द्रावणातच पेशी ठेवल्या होत्या. बाहेरचं पटल मेल्यावरही आतली रिक्तिका फुगीर राहते हे पाहून त्यांनी टोनोप्लास्ट हे नाव दिलं.

बिघडतं ते असं. साल जाड निघाली तर हिरव्या पेशींचा थर आड येतो. कडेच्या फाटलेल्या पेशींत रंगच नसतो, त्या मोजू नका. स्लाइड सुकली तर द्रावण दाट होऊन निकाल फिरतो, म्हणून दर १५ मिनिटांनी कडेला थेंब सोडा किंवा स्लाइड ओल्या टिपकागदासह झाकून ठेवा. पाणी दिल्यावरही रंग परतत नसेल, किंवा सगळ्या पेशीभर फिका पसरला असेल, तर पटल फुटलंय: पेशी मेली.

कुंड्यांसाठी

पोटॅशिअम, नायट्रेट, मॅग्नेशिअम यांची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते. रिक्तिकेतला साठा चॅनेलवाटे मोकळा करून रसवाहिन्यांतून नव्या पानांना पाठवता येतो. खालच्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅशिअमची शंका घ्या. पावसाळ्यात कुंडीतलं पोटॅशिअम आणि नायट्रेट दोन्ही वाहून जातं. पाऊस उघडल्यावर ०:०:५० किंवा १३:०:४५ (नत्र:स्फुरद:पालाश) खत लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारावं. दुपारी फवारलं तर पाणी उडून मीठ पानावर दाट होतं आणि पान भाजतं.

कॅल्शिअम उलट. ते एकदा पानात पोचलं की रसवाहिन्यांतून नव्या पानांकडे फारसं जात नाही, म्हणून त्याची खोट नव्या पानांवर आणि फळाच्या टोकाला दिसते. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते यामुळेच. मातीत कॅल्शिअम असूनही पडतं. कॅल्शिअम रिक्तिकेत कोंडणारं प्रथिन प्रयोगात जास्त चालवलं तेव्हा फळात एकूण कॅल्शिअम वाढलं आणि तरी बूड काळं पडण्याचं प्रमाणही वाढलं. पेशीभित्तिका आणि पटलांच्या वाट्याला आलंच नाही. कुंडीला एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं पाणी देऊ नका, ते मुख्य कारण. अमोनिअमची खतं आणि जादा पोटॅशिअम मुळांशी कॅल्शिअमला मागे सारतात. कॅल्शिअम नायट्रेट देणार असाल तर सल्फेटच्या खताबरोबर एकाच दाट द्रावणात कालवू नका, जिप्समचा साका बसतो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा) कुंडीच्या पाण्यातही बुडवावा. ४५० पर्यंत निर्धास्त, ४५० ते २००० जपून, २००० च्या वर बहुतेक झाडांना नको. आरओच्या सांडपाण्यालाही हीच मोजपट्टी: पालिकेच्या गोड्या पाण्याचं असेल तर बहुधा चालतं, बोअरच्या पाण्याचं असेल तर मोजल्याशिवाय नको. जुन्या पानांची टोकं जळत असतील तर रिक्तिका मिठाने भरत आल्या आहेत असं समजा. कुंडीच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या. बशीत साचलेलं पाणी फेका, नाहीतर तेच मीठ परत वर येतं.

एक गोष्ट मात्र पाहून कळत नाही. सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत कॅडमिअमसारखे धातू गेले तर झाड तेही रिक्तिकेत कोंडतं, फायटोचेलाटिन नावाच्या साखळ्यांना बांधून. पेशीद्रव वाचतं, त्यामुळे पान टवटवीत दिसतं. धातू पेशीच्या आत असल्याने ती भाजी मिठाच्या पाण्यात कितीही धुतली तरी निघत नाही. धुण्याने वरची माती आणि जंतू जातात, एवढंच.